तापीच्या खोऱ्याचे साडेसहा कोटी ठोकळे

मे महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेरच्या पट्ट्यात रात्री शांतता नसते. कुठल्या ना कुठल्या मळ्यात ट्यूबवेलची गाडी लागलेली असते आणि तिची धडधड तीन-चार शेतं ओलांडून घरात येते. यंदा ती आमच्याच मळ्यात होती. गाडीवरच्या पोरांनी दर दहा फुटांना वर आलेला माल बांधाकडेला ढीग करून ओळीने मांडला होता. पिवळी माती, मग काळी चिकण माती, मग बारीक वाळू, पुन्हा चिकण माती, मग मुठीएवढे गोटे. आप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, एकेका ढिगापाशी उकिडवे बसून बोटांत माल चोळून बघत होते. वाळू लागली की चेहरा उजळायचा, चिकण माती लागली की तोंड आंबट.

रात्री अकराच्या सुमाराला ते माझ्याकडे वळले. "तू पुण्याले कॉम्प्युटरवर काम करतो ना? मंग सांग मले, खाले पानी किती उरलं?"

मी आपलं हसण्यावारी नेलं. पण खरं सांगायचं तर आप्पांनी एका वाक्यात जे विचारलं, त्याच्याच मागे जगभरातले शास्त्रज्ञ आणि मोठमोठे सुपरकॉम्प्युटर लागलेले आहेत. कुणाला खाली पाणी शोधायचंय, कुणाला तेल, कुणाला धातू. डोळ्यांना न दिसणारी, कित्येक मैल पसरलेली, थराथरांची जमीन कॉम्प्युटरमध्ये उभी करायची आणि तिच्यात काय कुठे किती आहे ते काढायचं. एका यंत्राने हे होत नाही, म्हणून काम हजारो यंत्रांत वाटतात. या वाटणीलाच पॅरलल कॉम्प्युटिंग म्हणतात, मराठीत समांतर संगणन. आणि एका देशाच्या आवाक्यात हे बसत नाही, म्हणून देशही ते आपसांत वाटून घेतात. त्या रात्री आप्पांना जे नीट सांगता आलं नाही, ते इथे लिहून काढतोय.

आधी आपल्या जमिनीचं बघू. सातपुड्याच्या पायथ्याला नद्या-नाल्यांनी डोंगरातून आणून टाकलेल्या गोट्यांचा, वाळूचा पट्टा आहे. भूगर्भवाले त्याला बझाडा म्हणतात. सुकी, मोर यांसारख्या नद्यांचं पाणी या गोट्यांमधून चाळणीतून जावं तसं खाली उतरतं आणि दक्षिणेकडे तापीच्या गाळाच्या थरांत सरकतं. आमच्या केळीच्या बागा या साठ्यावर उभ्या आहेत. वर्षानुवर्षं उपसा भरण्यापेक्षा जास्त झाला, म्हणून पातळी खाली गेली आणि आजोबांच्या काळातल्या मोटेच्या विहिरी कोरड्या पडून आता कचरा टाकायच्या कामी आल्या. तापीचं पुराचं पाणी पायथ्याशी वळवून याच गोट्यांत मुरवायचं, अशी मेगा रिचार्ज योजना अनेक वर्षं चर्चेत होती. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशने तिच्यासाठी करार केला. पण पाणी नेमकं कुठे सोडलं तर कुठे पोचेल आणि किती वर्षांनी? गोट्यांत सोडलेलं पाणी बामणोदच्या विहिरीत येणार की परस्पर तापीत जाणार?

पाणी जमिनीखाली कसं चालतं याचा नियम जुना आहे. आन्री दार्सी नावाच्या फ्रेंच इंजिनीअरने १८५६ साली दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करताना वाळूने भरलेल्या नळकांड्यांतून पाणी सोडून तो मांडला. पाणी उंच पातळीकडून कमी पातळीकडे जातं; उतार जितका जास्त तितकं भरभर; आणि वाळूतून पटकन, चिकण मातीतून रडतखडत. आप्पांना हे दार्सीच्या आधीपासून माहीत आहे. अडचण नियमात नाही, तो एकाच वेळी सगळीकडे लावण्यात आहे.

समजा तापीच्या सबंध खोऱ्याचे आपण ठोकळे पाडले. मध्य प्रदेशात मुलताईला उगम, खान्देशातून वाट, सुरतेजवळ समुद्र, असा हा ६५,१४५ चौरस किलोमीटरचा पसारा. प्रत्येक ठोकळा शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद. म्हणजे साधारण अडीच एकराला एक ठोकळा, आमच्याकडच्या मध्यम शेतकऱ्याच्या एखाद्या तुकड्याएवढा. वरून खाली दहा थर. झाले साडेसहा कोटी ठोकळे. प्रत्येक ठोकळ्याला सहा शेजारी असतात: चार बाजूंचे चार, वरचा एक, खालचा एक. माझ्या ठोकळ्यातली पाण्याची पातळी या सहांवर अवलंबून आणि त्यांची त्यांच्या शेजाऱ्यांवर. कुणा एकाचं गणित एकट्याने सुटत नाही. पुन्हा हे रोज बदलतं, पाऊस पडतो, पंप चालतात. वीस वर्षं रोजच्या रोज धरली तर सुमारे ७,३०० दिवस. साडेसहा कोटी गुणिले ७,३०० म्हणजे साडेसत्तेचाळीस हजार कोटी वेळा हिशेब. एका वेळच्या हिशेबात हजारभर बेरजा-गुणाकार आहेत आणि आपला प्रोसेसर सेकंदाला शंभर कोटी उरकतो असं धरलं, तर त्याला न थांबता साडेपाच दिवस लागतील. हा हिशेब माझा, कागदाच्या पाठीवर केलेला, पण अंदाज यायला पुरे आहे.

साडेपाच दिवस काही फार नाहीत, असं वाटेल. गोम पुढेच आहे. जमिनीखालचा माल कुठे कसा आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. ट्यूबवेल पाडली तेवढ्या सात-आठ इंचाच्या भोकात काय आहे ते कळतं. शेजारच्या अडीच एकरात चिकण मातीचा थर किती जाड आहे हा अंदाजच. म्हणून मॉडेल एकदा चालवून भागत नाही. थरांचे आकडे थोडे बदलायचे, पुन्हा चालवायचं, उत्तर प्रत्यक्ष विहिरींतल्या पातळीशी जुळतं का बघायचं, पुन्हा बदलायचे. असं हजार वेळा केलं तर साडेपाच हजार दिवस, म्हणजे पंधरा वर्षं. तोवर आप्पांची केळी काय, आप्पाही वाट बघणार नाहीत.

मग आणखी वेगवान प्रोसेसर घ्यावा. वीसेक वर्षांपूर्वीपर्यंत हेच चालत होतं. दर दोन-तीन वर्षांनी नवा चिप जास्त वेगाने धावायचा. २००५ च्या आसपास ते अडलं. वेग वाढवला की चिप इतका तापतो की त्याला थंड ठेवणं परवडेना. तेव्हा कंपन्यांनी एका चिपवर दोन, चार, आठ प्रोसेसर बसवायला सुरुवात केली. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्येही बहुतेक आठ कोअर, म्हणजे असे आठ प्रोसेसर, असतील. एक बैल आणखी जोरात पळत नाही, तर जास्त बैल जुंपा, असा हा मामला.

आता जुंपल्यावर काय होतं ते भरिताच्या पार्टीत बघा.

हिवाळ्यात मळ्यात भरीत-पार्टी ज्याने केली नाही, तो खान्देशी म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही. (हे माझं मत. वाद नको.) दोनशे माणसांचं भरीत आहे. मोठाली हिरवी वांगी कापसाच्या वाळल्या काड्यांवर भाजायची, सालं सोलायची, देठं काढायची, लाकडी बडगीत भाजलेल्या मिरच्यांबरोबर ठेचायची, लसूण सोलायचा, कांद्याची पात चिरायची, कळण्याच्या पुऱ्या लाटायच्या. शेवटी मोठ्या पातेल्यात शेंगदाण्या-खोबऱ्याची फोडणी आणि त्यात सगळं घालून हलवणं. समजा एकट्या माणसाला हे सगळं करायला वीस तास लागतात. त्यातले एकोणीस तासांचं काम वाटून देता येतं. वांगी कितीही जणांनी सोलावीत. पण फोडणीचा एक तास वाटता येत नाही. पातेलं एक, चूल एक, आणि तिथे आमचे बबनमामा दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

एकोणीस माणसं लावली तर वाटलेलं काम एका तासात, फोडणी एक तास, एकूण दोन तास. अडतीस लावली तर दीड तास. माणसं दुप्पट झाली आणि अर्धाच तास वाचला. सगळा तालुका बोलावला तरी एका तासाच्या आत भरीत होणार नाही. म्हणजे वेग जास्तीत जास्त वीसपट, त्यापुढे नाही. जीन ॲम्डाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ साली नेमकं हेच मांडलं आणि ते ॲम्डालचा नियम म्हणून ओळखलं जातं. कामाचा शंभरातला पाच टक्के भाग जरी वाटता येत नसेल, तर लाख प्रोसेसर आणले तरी वीसपटीच्या वर जाता येत नाही. म्हणून या क्षेत्रातल्या लोकांची सगळी हयात बबनमामांचं काम कमी कसं करता येईल यातच जाते.

दुसरी भानगड वाटणीतली. केळीची कापणी करताना दहा टोळ्यांना बाग सारखी वाटून दिली आणि त्यातल्या एकीच्या वाट्याला नेमकी वादळाने आडवी झालेली झाडं आली, तर बाकीचे नऊ जण बांधावर विड्या ओढत बसतात आणि ट्रक काही हलत नाही. कॉम्प्युटरमध्ये अगदी हेच घडतं. ठोकळे सारखे वाटले, पण पायथ्याचा उताराचा, गोट्यांचा भाग ज्या प्रोसेसरकडे गेला, त्याचं गणित किचकट. तो संपेपर्यंत बाकीचे रिकामे. त्यामुळे क्षेत्र सारखं वाटायचं नाही, कष्ट सारखे वाटायचे.

आणि तिसरी भानगड बांधाची. मला विचाराल तर सगळ्यात सुंदर हीच. साडेसहा कोटी ठोकळे हजार प्रोसेसरांत वाटले की प्रत्येकाकडे पासष्ट हजार ठोकळ्यांचा एक तुकडा येतो. आपल्या तुकड्याच्या आतलं गणित ज्याचं तो करतो. पण कडेच्या ठोकळ्यांचे शेजारी दुसऱ्याच्या तुकड्यात असतात. त्यांची पातळी कळल्याशिवाय गणित पुढे जात नाही. म्हणून दर फेरीला प्रत्येक प्रोसेसर आपल्या बांधावरच्या ठोकळ्यांचे आकडे शेजाऱ्याला कळवतो आणि त्याचे मागून घेतो. फक्त बांधावरचे. सबंध शेत दाखवायची गरज नसते, आणि त्यात वेळही फार जातो. गणितापेक्षा निरोपानिरोपीलाच जास्त वेळ लागला, तर वाटणी फुकट. मोठ्या यंत्रांमध्ये प्रोसेसरांना जोडणाऱ्या तारांवरही बराच पैसा खर्च होतो, तो यासाठी.

हे निरोप कुठल्या भाषेत द्यायचे? सुरुवातीला प्रत्येक कंपनीच्या यंत्राची बोली वेगळी होती. एकावर लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यावर चालायचा नाही. अमेरिका आणि युरोपातल्या विद्यापीठांनी, प्रयोगशाळांनी आणि कंपन्यांनी एकत्र बसून १९९४ साली एक सामाईक ठराव केला. त्याला एमपीआय (मेसेज पासिंग इंटरफेस) म्हणतात. आज जगातल्या जवळपास प्रत्येक सुपरकॉम्प्युटरवर तो चालतो. पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून पाटाचं पाणी वाटायच्या जुन्या रीतीत, पाटकरी पाणी कुठल्या फडाला कधी सोडायचं हे ठरलेल्या रिवाजाने पाहतो, रोज भांडण होत नाही; एमपीआय म्हणजे प्रोसेसरांमधला असाच ठरलेला रिवाज.

आपल्या देशात हा विषय आला तो एका नकारामुळे. ऐंशीच्या दशकात भारताला क्रे कंपनीचा हवा तो सुपरकॉम्प्युटर अमेरिकेने दिला नाही. मग १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणन संस्था उभी राहिली आणि विजय भटकर, आपल्या शेजारच्या विदर्भातल्या अकोला जिल्ह्यातले, यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर तयार झाला. एक प्रचंड वेगवान प्रोसेसर बनवणं हाताबाहेरचं होतं, म्हणून त्यांनी ट्रान्सप्युटर नावाचे साधे चिप अनेक जोडले. हे चिप ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचे. त्यांची खुबी अशी की प्रत्येकाला चार जोडण्या असायच्या, चार शेजाऱ्यांशी बोलायला. चार बांध, चार शेजारी. पुढे परम मॉस्कोतल्या एका संशोधन संस्थेतही बसवला गेला. म्हणजे इंग्लंडचा चिप, पुण्यातली जोडणी, रशियातलं काम. समांतर संगणनात आंतरराष्ट्रीय भागीदारी ही नंतर सुचलेली कल्पना नाही, ती पहिल्यापासूनच अशी रक्तात आहे.

पाण्याचं झालं, आता तेलाकडे वळू, कारण हे तंत्र तेलवालेही मोठ्या प्रमाणावर वापरतात. तेल शोधायची रीत म्हणजे जमिनीला हादरा द्यायचा आणि खालच्या थरांवरून परत आलेले हादरे हजारो यंत्रांनी टिपायचे. टरबूज पिकलंय का ते टिचकी मारून बघतात तसं, फक्त टरबूज पाच किलोमीटर खोल. असे हजारो हादरे दिले जातात आणि प्रत्येकावरून थरांचं चित्र काढावं लागतं. गंमत म्हणजे इथे वाटणी फार सोपी: एका हादऱ्याचं गणित दुसऱ्याशी बोलत नाही. हजार हादरे हजार यंत्रांना देऊन टाकायचे आणि शेवटी चित्रं एकावर एक रचायची. वर आपण हजार वेळा मॉडेल चालवायचं म्हटलं, ते थरांचे हजार वेगवेगळे अंदाज आधीच ठरवून घेतले तर याच जातीचं. पंधरा वर्षांचं काम हजार यंत्रांना दिलं की साडेपाच दिवसांत. बांधावरच्या निरोपांची कटकट नाही. तज्ज्ञ लोक अशा कामांना थोडं हिणवूनच बोलतात, इतकी ती सोपी.

पण तेल सापडल्यावर ते कसं काढायचं, कुठून पाणी दाबायचं, कुठून तेल वर येईल, हे पुन्हा ठोकळ्यांचं आणि बांधांचं गणित. २०१७ साली एक्सॉनमोबिल कंपनीने अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या ब्लू वॉटर्स या सुपरकॉम्प्युटरवर असं एक मॉडेल एकाच वेळी ७,१६,८०० प्रोसेसरांवर चालवलं. जळगाव शहराची लोकसंख्या जेवढी असेल त्याहूनही मोठी ही गँग, आणि प्रत्येक जण दर क्षणाला शेजाऱ्याशी बांधावरचे आकडे बोलतोय.

देशादेशांतल्या भागीदारीचं मला आवडणारं उदाहरण म्हणजे एचपीसीफोरई. २०१५ ते २०१७ या काळात युरोप आणि ब्राझील यांनी मिळून चालवलेला प्रकल्प. बार्सिलोनाचं सुपरकॉम्प्युटिंग सेंटर त्यात पुढे होतं. या सेंटरचा पहिला मारे नोस्त्रम हा सुपरकॉम्प्युटर एका जुन्या चर्चमध्ये, काचेच्या पेटीत ठेवला होता. वर कमानी, खाली सर्व्हर. फ्रान्स, इंग्लंड, ब्राझीलमधल्या विद्यापीठांबरोबर रेप्सोल, टोटाल, पेट्रोब्रास या तेल कंपन्याही होत्या. विषय तीन: जमिनीखालचं चित्र, जैवइंधनाचं ज्वलन आणि वारा. वाऱ्याचं गणित आपल्या साक्री तालुक्यातल्या ब्राह्मणवेलच्या माळावर कुणालाही कळेल. पुढच्या पवनचक्कीने वारा ओरबाडला की मागचीला उष्टा, गरगरता वारा मिळतो. कुठली चक्की कुठे उभी करायची, हेही ठोकळ्यांचंच गणित, फक्त जमिनीऐवजी हवेचं. युरोप-ब्राझीलच्या पाठोपाठ मेक्सिकोबरोबर एनर्झिको नावाचा असाच प्रकल्प झाला.

ब्राझीलला यात रस का? त्यांचं सगळ्यात मोठं तेल समुद्राच्या तळाखाली, दोन-दोन किलोमीटर जाड मिठाच्या थराच्या खाली आहे. मीठ हादऱ्याच्या लाटा वेड्यावाकड्या वळवतं आणि खालचं चित्र विस्कटतं. आपल्याकडे मिठाऐवजी काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं आणि तापीच्या गाळाच्या खाली तोच बेसॉल्ट आहे. बेसॉल्टच्याही खाली जुने गाळाचे खडक आहेत, त्यात तेल-वायू असेल का हा प्रश्न भारतीय भूशास्त्रज्ञ बरीच वर्षं विचारत आहेत. पण एकावर एक भाकऱ्यांसारखे रचलेले लाव्हाचे थर लाटांना इतकं फोडतात की खालचं काही धड दिसत नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला फेरो बेटांजवळ आणि ब्राझीलच्याच पाराना खोऱ्यातही हीच डोकेदुखी. एकाने शोधलेली युक्ती दुसऱ्याच्या कामी येते. खडकाला कुठल्या देशाचा पासपोर्ट नसतो.

आता मानवी स्वभावाकडे येतो. तेल कंपनी आपल्या साठ्याचा खरा नकाशा कुणालाच दाखवत नाही. मग विद्यापीठातल्या लोकांनी प्रोग्राम तपासायचा कशावर? यावर तोडगा म्हणून बनावट जमीन बनवतात. खऱ्यासारखे डोंगर, थर, भेगा, पण अस्तित्वात नसलेली. खाली काय आहे ते बनवणाऱ्याला माहीत असतं, म्हणून कुणाचा प्रोग्राम किती चुकला ते मोजता येतं. एचपीसीफोरईनेही असा एक बनावट प्रदेश तयार करून सगळ्यांसाठी खुला केला. गुपित गुपित राहिलं आणि कामही झालं. मला हे वाचून हसू आलं, कारण आमच्या गावात ट्यूबवेलची खोली हे असंच गुपित असतं. कोणी साडेचारशे फूट सांगितलं की समोरचा मनातल्या मनात दीडशे वाढवतो. खरं सांगितलं तर शेजारी त्याहून खोल जाईल आणि आपलं पाणी ओढेल, ही भीती. ती खोटीही नाही.

पाण्याकडे परत येतो, कारण तिथली भागीदारी सामान्य माणसाच्या जास्त कामाची आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने १९८४ साली मॉडफ्लो नावाचा प्रोग्राम तयार केला. भूजलाचे ठोकळे मांडायचा, दार्सीचा नियम लावायचा, पातळी काढायची. तो फुकट आहे आणि कुणीही उतरवून घ्यावा. जगभर भूजलाचं काम करणारे बहुतेक सगळे कधी ना कधी त्यावर बसलेले असतात. अलीकडच्या आवृत्तीत, मॉडफ्लो ६ मध्ये, तो अनेक प्रोसेसरांवर वाटून चालवायची सोय झाली, ती अमेरिकनांनी नेदरलँड्सच्या डेल्टारेस या संस्थेबरोबर मिळून केली. नेदरलँड्सला गरज होतीच. त्या देशाचा बराच भाग समुद्रसपाटीच्या खाली; गोड्या पाण्यात खारं पाणी कुठून घुसतंय हे त्यांना बारकाईने मोजावं लागतं. याच मंडळींनी उट्रेख्ट विद्यापीठाबरोबर साऱ्या जगाच्या भूजलाचं एक मॉडेल केलं, ठोकळा साधारण एक किलोमीटरचा, ठोकळे सत्तावीस कोटींहून जास्त. ते नेदरलँड्सच्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटरवर चाललं. त्यात आपलं यावलही आहे, एक-एक किलोमीटरच्या काही शे चौकोनांत.

तेवढ्याने आप्पांना उत्तर मिळतं का? नाही. जागतिक मॉडेलला आमच्या मळ्याखालची चिकण माती माहीत नाही. आकाशातूनही बघून झालं. २००२ साली अमेरिका आणि जर्मनीने मिळून ग्रेस नावाचे दोन उपग्रह सोडले, एकामागे एक, सुमारे २२० किलोमीटर अंतर ठेवून. खाली जमिनीत पाणी जास्त असेल तर तिथलं गुरुत्वाकर्षण किंचित वाढतं, पुढचा उपग्रह किंचित ओढला जातो, दोघांतलं अंतर केसाहूनही कमी बदलतं, आणि ते त्यांना मोजता यायचं. त्यावरून उत्तर भारतातला भूजलाचा उपसा २००९ मध्ये जगापुढे आला. पण त्या नजरेला कित्येक शे किलोमीटरचा पट्टा एकदम दिसतो. यावल आणि चोपडा त्याला वेगळे करता येत नाहीत.

शेवटी अडतं ते यंत्रापाशी नाही, मोजमापापाशी. सुपरकॉम्प्युटर आपल्याकडे आता पुष्कळ आहेत. २०१५ पासूनच्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून देशभरच्या संस्थांत ते बसले. पण साडेसहा कोटी ठोकळ्यांचं मॉडेल खऱ्याशी जुळवायला विहिरींतल्या पातळ्या लागतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माणसं ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात. ते काम चांगलं आणि जुनं आहे, पण विहिरी मोजक्या. बाकी हजारो ट्यूबवेलवाल्यांपैकी कोणी पातळी मोजत नाही. मोजायची म्हटली तर भोकात आधीच पाइप, केबल आणि मोटर. वरून मीटर सोडला तर कुठेतरी अडकतो. आमच्या जुन्या ट्यूबवेलमध्ये मी एकदा वजन बांधून दोरी सोडली होती, ती अजून आतच आहे. मोटर काढताना गाडीवाल्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

तरी त्या रात्री मी लॅपटॉप उघडला. आठ कोअरचा, साधाच. आमचा मळा आणि आजूबाजूचे चार-पाच मळे मिळून पाच मीटरचे ठोकळे मांडले, मॉडफ्लो लावला, तुकडे आठांत वाटले. बांधाकडेच्या ढिगांवरून थर लिहून घेतले: चाळीस फुटांपर्यंत पिवळी माती, मग चिकण. गाडीचा दिवा होता, त्या उजेडात आप्पा एकेक ढीग दाखवत होते आणि मी टाइप करत होतो. जुन्या ट्यूबवेलच्या रकान्याशी आल्यावर मी विचारलं, "आप्पा, जुनी किती फूट?"

आप्पा थांबले. गाडीवरच्या पोरांकडे बघितलं, मग पलीकडच्या बांधाकडे. तिथे शेजारचे नाना खाट टाकून झोपले होते, किंवा झोपल्यासारखे पडले होते.

"चारशे लिही," आप्पा मोठ्यांदा म्हणाले.

मी चारशे टाइप केले. ते माझ्या खांद्यावरून वाकले, पडद्यावरचा आकडा पाहिला, आणि कानाशी येऊन पुटपुटले, "सहाशे वीस. पन नानाले दाखवू नको."